आत्याचं उजवं

माझ्या आत्याचा गोल वस्तूंवर विश्वास नाही. ताटली असो, बाटलीचं झाकण असो की पौर्णिमेचा चंद्र, समोर आलं की ती एक डोळा बारीक करते, मान तिरकी करते आणि निकाल देऊन टाकते, "बसकं आहे." शेजारणीने आपलं महिन्याचं बाळ मोठ्या कौतुकाने तिच्या मांडीवर ठेवलं, तेव्हाही तिने आधी त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, मागून जरा चपटं आहे, पण भरून येईल. त्यानंतर बरेच दिवस शेजारीण आमच्या दाराकडे पाठ करून जायची. जिना अरुंद असल्यामुळे तिला ते नीट जमत नसे, पण प्रयत्न मनापासून असे.

यात दोष आत्याचा निम्माच. उरलेला निम्मा तिच्या कामाचा. ती पाइपांची तोंडं मोजते.

शहर संपता संपता, जिथे फूटपाथ बांधण्याइतकीही कोणाला रस्त्याविषयी आस्था उरत नाही, तिथे एक मोठं यार्ड आहे. आत लोखंडी पाइपांच्या उतरंडी. एकेक पाइप एवढा मोठा, की फारसा जाड नसलेला माणूस आतून रांगत पलीकडे जाईल. एकापुढे एक जोडून त्यांची कित्येक कोसांची रांग होते आणि तिच्यातून गॅस वाहतो. आता बघणाऱ्याला वाटतं, हाही गोल, तोही गोल, लावा तोंडाला तोंड आणि मारा वेल्डिंग. पण उतरंडीत तळाशी पडलेला पाइप वरच्यांच्या भाराने दबलेला असतो, एखादा उन्हाच्या बाजूने फुगलेला असतो, आणि एखादा जन्मतःच वाकडा असतो, त्याला कोणी काय करणार. आतल्या अंगाने एकाची कड दुसऱ्यापेक्षा नखभर जरी वर राहिली तरी सांधा कच्चा होतो, आणि गॅसच्या रांगेत कच्चा सांधा म्हणजे काय, ते सांगायला नको. म्हणून कुठलं तोंड कुठल्या तोंडाशी जमेल आणि त्यासाठी पाइप किती वळवावा लागेल, हे आधी मोजून ठरवतात. वळवला की याचा फुगवटा त्याच्या फुगवट्यावर येतो आणि दोघांचं निभतं. माणसांना लग्नाआधी असं वळवून बघता येत नाही, म्हणून तिकडे स्फोट जास्त, असं आत्याचं मत आहे.

हे मत तिने अनुभवातून बनवलेलं आहे. कारण पाइपाला टोकं दोन असतात. एका टोकाला आत्या असे आणि दुसऱ्या टोकाला आतोबा.

तेव्हा ते अर्थातच आतोबा नव्हते. दुसऱ्या टोकाचा माणूस एवढीच त्यांची ओळख होती. माप घ्यायला डायल लावलेली एक दांडी असे. ती तोंडात आडवी-उभी धरायची, काटा कुठे थांबतो ते बघायचं आणि पाइपातून ओरडून पलीकडे सांगायचं. वर एवढं, खाली एवढं, उजवीकडे फुगलंय, डावीकडे दबलंय. पलीकडून उत्तर यायचं, "हं." मग पलीकडची मापं यायची, तीही थोडक्यात. पाइपातून आलेला आवाज भरदार लागतो. आत्या अजून सांगते की तिने लग्न त्या आवाजाशी केलं, आणि पाइपाबाहेर आल्यावर तो चांगलाच किरटा निघाला. आतोबा यावर म्हणतात, "हं."

यार्डात तिला कंपासबाई म्हणत आणि त्यांना मौनी. त्यांच्याबद्दल एक कथाही होती, आत्या ती पाहुण्यांना चहाबरोबर देत असे. सुरुवातीच्या आठवड्यात दोघांची मापं जुळेनात. कागदावर जमलेले पाइप प्रत्यक्षात एकमेकांकडे बघेनात. तेव्हा आत्याने पाइपाला तोंड लावून मौनीची अशी हजेरी घेतली, की उतरंडीवर बसलेली कबुतरं उडाली. माप कसं घ्यायचं, दांडी कशी धरायची, डोळे कशासाठी असतात, सगळं सांगितलं. पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मापं जुळायला लागली, ती कायमची. एका आठवड्यात माणूस सरळ केला, असं आत्या म्हणायची. पाहुणे आतोबांकडे बघायचे. आतोबा बशीतल्या चहाकडे.

मी शिकायला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा त्या घरात बोलणं बंद होतं. कारण कपाट.

झालं होतं असं. झोपायच्या खोलीत एका कोपऱ्यात कपाट करून घ्यायचं ठरलं. कपाटासमोर उभं राहिलं की उजव्या हाताला भिंत आणि डाव्या हाताला पलंग. म्हणजे दार उजवीकडे, भिंतीच्या अंगाला उघडायला हवं. आत्याने तसं सांगितलं. आतोबा सुताराकडे जाऊन सांगून आले. कपाट आलं. चार माणसांनी घामाघूम होऊन ते कोपऱ्यात ठोकून बसवलं, आत्याने दार ओढलं, आणि दार डावीकडे उघडून पलंगावर धाडकन आदळलं. वीतभर फट पडली, तेवढीच. पलंग सरकवावा तर खोलीचं दार लागेना. आयुष्यभर मापं घेणाऱ्या दोन माणसांच्या घरात कपाट उघडत नाही, ही गोष्ट यार्डात पोचायला फार वेळ लागला नाही.

आत्या म्हणाली, तुम्ही माझं ऐकतच नाही. आतोबा म्हणाले, ऐकलं होतं. मग उजवीकडे सांगितलं होतं ते डावीकडे कसं झालं, या प्रश्नाला ते "हं" म्हणाले. आणि "हं" हे उत्तर त्या दिवशी चालण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून 'अहो' बंद झालं. आतोबांचं नाव 'ते टोक' पडलं. त्या टोकाला विचार चहा घेणार का. त्या टोकाला सांग, गिझर चालू राहिलाय. मी मधे उभी राहून निरोप इकडून तिकडे करायची. आतोबांचे निरोप सोपे असत, कारण ते नसतच. कपाटातले कपडे काढायला आत्या फटीत खांद्यापर्यंत हात घालायची आणि हाताला लागेल ते घालून कामावर जायची. कित्येकदा वर हिवाळा आणि खाली उन्हाळा असे. पण सुताराला परत बोलवायचं म्हणजे कोणीतरी चूक कबूल करायची, आणि ते दोघांनाही परवडणारं नव्हतं.

यार्डात मात्र बोलावं लागे. तिथे पाइप होता. घरी एकमेकांच्या सावलीलाही न शिवणारी ही माणसं दिवसभर एकमेकांच्या तोंडासमोर तोंड करून मापं सांगत. त्यात आत्या मधेच, खाली एवढं, उजवीकडे एवढं, आणि दुधाचे पैसे दिलेत का, असंही घुसवायची. पलीकडून "हं" आलं की मापही मिळालं आणि दूधवालाही मिटला.

मग यार्डात मशीन आलं.

मशीनबरोबर ते शिकवायला एक इंजिनियर मुलगी आली होती. तिला सगळे मशीनवाली म्हणत. मशीन तीन पायांवर पाइपाच्या तोंडात आत घट्ट बसे. मधोमध एक फिरतं डोकं. बटण दाबलं की त्यातून लेझरचा लाल ठिपका निघे आणि पाइपाच्या आतल्या भिंतीवर गरगर फिरे. तेवढ्यात पडद्यावर त्या तोंडाचं खरं रूप उमटे. शिवाय पडदा वाकडेपणा मुद्दाम वाढवून दाखवी, म्हणजे डोळ्याला कळावा. त्यामुळे चांगल्या घरचा पाइपही त्यात बटाट्यासारखा दिसे. यार्डाने मशीनचं नाव कोळी ठेवलं.

आत्या पहिल्यांदा तो पडदा बघून गप्प झाली. हे तिच्या बाबतीत सहसा घडत नाही. तिला आयुष्यभर जग जसं दिसत आलं होतं तसंच ते या यंत्रालाही दिसत होतं: बसकं, फुगलेलं, एका अंगाला कललेलं. घरी आली ती हात न धुताच सांगत सुटली. तो ठिपका कसा फिरतो, कशी कड न् कड पकडतो, कसं काहीच त्याच्यापासून लपत नाही. मी तिला इतकं हळवं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या आईच्या लग्नातही ती रडली नाही, हे आईने मला अनेकदा सांगितलं आहे.

पण कोळ्याला माणूस एकच लागणार होता. त्याला या टोकाला बसवा, माप घ्या, उचलून त्या टोकाला न्या. पलीकडे कोणी उभं राहायची गरज नव्हती. साहेबांनी सांगून टाकलं, दोघांतलं एक इथे राहील, दुसऱ्याने मागच्या गोदामात जायचं. गोदाम म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. खिडकी नाही, आत नट, बोल्ट, वायसर यांच्या पेट्या आणि त्या मोजून देणारा एक माणूस. तिथे गेलेला माणूस हळूहळू पेटीसारखा दिसायला लागतो, असं यार्डात म्हणत.

कोण राहणार हे साहेबांनी ठरवायचं होतं. पण काहीही न ठरवता त्या खुर्चीपर्यंत पोचलेला माणूस तो, आता कशाला सवय मोडेल? त्यांनी तोड काढली. पुढची खेप जायची होती तिच्या पाइपांना एका टोकाला लाल रंगाचा पट्टा होता, दुसऱ्या टोकाला पांढरा. लाल टोकं कंपासबाईने मशीनवर मोजावीत, पांढरी मौनीने. ज्याचं काम चोख, तो राहील.

त्या दिवसांत आत्या घरात माझ्याशीही कामापुरतंच बोलायची, त्या टोकाशी तर नाहीच. फटीत हात घालून कपडे काढायची आणि जायची. गोदामाचा विषय निघाला की म्हणायची, मला बंद खोलीत घेरी येते. तिला घेरी येताना कोणी पाहिलं नव्हतं. आतोबा रोज संध्याकाळी गॅलरीत बसून पायाची बोटं बघत. त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

जुळवणीच्या दिवशी मी यार्डात होते, कारण भांडणापासून डबे दोन झाले होते आणि एकाचा डबा दुसरा नेणार नव्हता. मी दोन्ही हातांत दोन डबे घेऊन फाटकातून शिरले तर सगळे एका जागी गोळा झालेले. वेल्डिंगचा मिस्त्री, ज्याला ठिणगी म्हणतात, दोन पाइप तोंडाला तोंड लावून आत हात घालून बसला होता. खुणा जुळवलेल्या होत्या, मशीनच्या कागदाप्रमाणे पाइप वळवलेले होते. ठिणगीने कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा अडला. पुढे सरकवला, पुन्हा अडला. दुसरी जोडी लावली, तिसरी लावली. सगळीकडे तेच.

"कागदावर सख्ख्या बहिणी," तो हात बाहेर काढत म्हणाला, "आणि इथे सवती."

साहेब धावत आले. खेप उद्या निघायची होती. मशीनवालीने कपाळाला आठी न घालता सगळी मापं उघडून बघितली, हे मला तिच्याबद्दल आवडलं. आणि लगेचच तिला सापडलं. लाल टोकं सगळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेली होती. पांढरी सगळी उलट दिशेने. मापात चूक नव्हती. पण प्रत्येक फुगवटा आपल्या जागेच्या बरोबर विरुद्ध बाजूला जाऊन बसला होता.

तिने आतोबांना दोन्ही तळवे समोरासमोर धरून समजावलं. दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहिली की याचं उजवं ते त्याचं डावं, हे मशीनला ठाऊक असतं. समोरचं टोक आहे असं सांगितलं की उलटवायचं काम ते स्वतःच करतं.

"काका, मी सांगितलं होतं ना, दोन्हीकडे काट्याप्रमाणेच. तुम्ही एकदा उलटवलंत, त्याने पुन्हा उलटवलं. का केलंत असं?"

आतोबांनी आपलेही तळवे तिच्यासारखे समोरासमोर धरून बघितले. मग म्हणाले, "सवय."

कसली सवय, हे कोणी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता. मशीनवालीने एका जागी टिचकी मारली, पांढरी टोकं पुन्हा सुलट झाली आणि लोकांच्या चहाला उकळी येईपर्यंत नव्या जोड्यांचा कागद बाहेर आला. ठिणगीने पहिली जोडी लावली, अंगठा फिरवला, अंगठा लोण्यातून फिरावा तसा फिरला. खेप वाचली. साहेबांनी कंपासबाईचं अभिनंदन केलं आणि मौनीला सांगितलं की उद्या सकाळी आपली दांडी वगैरे जमा करून गोदामात जावं. मौनी "हं" म्हणाले. दोन्ही डबे माझ्याच हातात राहिले होते. मी एक त्यांना दिला. त्यांनी विचारलं, "भाजी कसली?" मी सांगितलं. बरी आहे, म्हणाले.

आत्या जिंकली होती. परतताना ती माझ्याशी खूप बोलली, मशीनबद्दल, साहेबांच्या चेहऱ्याबद्दल, गोदामातल्या पत्र्याबद्दल. मग मधेच म्हणाली, "सवय म्हणे. माणसाला उलटं मोजायची सवय कशी लागते गं? डोकं फिरल्याशिवाय?" आणि हसली. पण ते हसू घरापर्यंत पुरलं नाही.

घरी येऊन तिने कपडे बदलायला कपाटात हात घातला. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ काही आवाज नाही, म्हणून डोकावले तर ती तशीच उभी, खांद्यापर्यंत कपाटात, जणू कपाटानेच तिला धरून ठेवलं होतं.

"पोरी, इकडे ये," ती म्हणाली. "पलंगाच्या त्या बाजूला उभी राहा. माझ्याकडे तोंड कर. आता उजवा हात वर कर."

मी केला.

तिने आपलाही उजवा हात वर केला. माझा हात खिडकीकडे होता, तिचा कपाटाकडे. ती एकदा या हाताकडे बघे, एकदा त्या. मग म्हणाली, पुन्हा कर. मी पुन्हा केला. यात बदलण्यासारखं काही नव्हतं, पण तिने तीनदा करायला लावलं.

मग ती पलंगावर बसली आणि कपाटाच्या दाराकडे बघत राहिली. त्या पहिल्या आठवड्यात मापं जुळत नव्हती ती का, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं होतं. तिचं उजवं तिचं होतं आणि त्यांचं उजवं त्यांचं. दोघंही बरोबर मोजत होते, म्हणूनच जुळत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापासून जुळायला लागलं, ते कोणी सरळ झाल्यामुळे नव्हे. पलीकडचा माणूस उलटा झाल्यामुळे. त्या दिवसापासून तो रोज आपलं उजवं पुसून तिचं लिहीत होता.

"त्या टोकाला विचार," तिने सुरुवात केली. मग थांबली. "नको. मी विचारीन."

पुढचं मला ठिणगीने सांगितलं. त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार मिळणं कठीण, कारण तो त्या वेळी पाइपात होता. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तो एखाद्या पाइपात शिरून मधोमध आडवा होतो. लोखंड गार असतं आणि साहेब वाकून बघत नाहीत. डोळा लागतोय तोच एका टोकाने आत्याचा आवाज आला. दुसऱ्या टोकाला आतोबा आपली दांडी पुसत होते. नवराबायकोच्या भांडणात लोक मधे पडतात, पण ठिणगीइतकं बरोबर मधोमध अजून कोणी पडलं नसेल.

"अहो," आत्या म्हणाली.

हा शब्द कपाट आल्यापासून कोणी ऐकला नव्हता. पलीकडून दांडीचा आवाज थांबला. "हं."

"तुमचं उजवं कुठलं?"

"पाइपात?"

"पाइपात."

"तुझं डावं."

"आणि कपाटात?"

ठिणगी म्हणतो, इथे मौनीने दांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते बोलले, आणि यार्डात त्यांच्या तोंडून इतकं सलग कोणी ऐकलं नव्हतं. "तू उजवं म्हणालीस. सुतारापुढे उभा राहिलो आणि डावं म्हणून गेलो. कपाट घरी आल्यावर कळलं. तू उजवं म्हटलंस की माझं उलटतंच आता. थांबवायला गेलं तरी थांबत नाही."

"मग मला सांगितलं का नाही? तेव्हाच, पहिल्या आठवड्यात?"

"तू बोलत होतीस."

यावर आत्याने काय करावं? ठिणगीला वाटलं, आता कबुतरं उडणार. त्याने कानांवर हात ठेवले. पण कबुतरं जागची हलली नाहीत. त्याने हात काढले, तेव्हा तिच्या चपलांचा आवाज ऑफिसच्या दिशेने जात होता.

ऑफिसात ती साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं, लाल, पांढरं, उजवं, डावं, कपाट. साहेबांना कपाटापासून पुढे काही कळेना. तेव्हा तिने थोडक्यात सांगितलं. "माझं माप कधी चुकलं नाही असं मी सगळीकडे सांगत आले. ते चुकलं नाही, कारण हा माणूस माझ्यासाठी उलटं मोजत होता. कालची चूक धरायची तर माझी धरा. गोदामात मी जाते."

साहेब म्हणाले, चालेल.

इथे आत्याचा हिशेब चुकला. तिने मला हे स्वतः सांगितलं, आणि तिचा हा प्रामाणिकपणा मला त्या त्यागापेक्षा मोठा वाटतो. साहेब नको म्हणतील अशी तिची खात्री होती. बाई, असं कसं, तुमच्यासारखं माणूस गोदामात, असं काहीतरी निघेल, मग ती थोडा आग्रह करून घेईल, मग दोघांनाही ठेवतील. "'चालेल' म्हणाला मेला," ती म्हणाली. "डोळ्यांची पापणी न हलवता." पण शब्द तोंडातून गेला होता. आणि दाराबाहेर आतोबा उभे होते, त्यांनी तो ऐकला होता.

तर सध्या असं आहे. कोळी आतोबांकडे आहे. ते दोन्ही टोकं काट्याप्रमाणे मोजतात. त्यासाठी त्यांनी मनगटावर उलट्या बाजूने घड्याळ बांधलं आहे, त्याने नेमकं काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण चूक होत नाही. मात्र माप झालं की ते अजून पाइपात वाकून "हं" म्हणतात. पलीकडे कोणी नसतं. कोणी असलं तर ठिणगी असतो, आणि तो झोपेत दचकतो.

आत्या गोदामात आहे. तिला अजून घेरी आलेली नाही. पहिल्याच आठवड्यात तिने पेट्या उघडून वायसर तपासायला घेतले आणि त्यातला एकही गोल नाही असं जाहीर करून निम्मा माल परत पाठवला. पुरवठादार साहेबांकडे आला, साहेब आत्याकडे आले, आत्याने दोघांनाही वायसर डोळ्यापुढे धरून बघायला लावले. आता यार्डात नटबोल्ट मिळायला उशीर होतो आणि लोक साहेबांना विचारतात की कंपासबाईला परत टोकांवर केव्हा नेणार. साहेब काही ठरवत नाहीत. आत्याला विचारलं तर ती म्हणते, बोलावलं तर बघीन. पण दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन कोळ्यापाशी जाऊन बसते आणि पडद्यावरचे बटाटे बघत जेवते. डबा पुन्हा एकच झाला आहे. माझी एक फेरी वाचली.

राहता राहिलं कपाट. गेल्या रविवारी सुताराला बोलावलं. त्याने बिजागऱ्या सैल केल्या, दार उतरवलं, भिंतीला टेकवलं, आणि उतरवलेल्या दाराशेजारी उकिडवा बसून एक साधा प्रश्न विचारला. आता दार कुठल्या बाजूला उघडायचं?

आत्या आणि आतोबा दोघंही कपाटासमोर शेजारी शेजारी उभे होते. दोघांची तोंडं एकाच दिशेला, भिंत दोघांच्याही उजव्या हाताला. मी कपड्यांचा ढीग धरून दारात उभी होते. आत्याने आतोबांकडे एकवार बघितलं. त्यांनीही तिच्याकडे. असं मऊ बघणं त्या घरात मी आधी पाहिलं नव्हतं आणि मला जरा धास्तीच वाटली.

मग दोघं एकाच वेळी बोलले.

"डावीकडे," आत्या म्हणाली, त्यांना समजावं म्हणून.

"उजवीकडे," आतोबा म्हणाले, तिचं चुकू नये म्हणून.

सुताराने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. हातोडी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा."